चिपचा तुटवडा आणि नवा प्रोसेसर: इंटेलसारख्या शेअरवरचा वाद पायरी पायरीनं कसा वाचायचा

चिप कंपनीच्या शेअरवर वाद पेटला की दोन पार्ट्या ठरलेल्या. एक म्हणते माल कमी पडतोय म्हणजे मागणी जोरात आहे, उचला. दुसरी म्हणते ऑर्डर असून माल देता येत नाय म्हणजे कंपनीत राम राहिला नाही, विका. आणि मधेच कोणीतरी नव्या प्रोसेसरचं घोडं दामटतोय, पुढच्या वर्षी बघा कसं सगळ्यांचं मार्केट खाऊन टाकतंय ते. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर सुद्धा हल्ली हे ऐकू येतं, कारण मोबाईलवरनं अमेरिकेचे शेअर घेणारी पोरं लई वाढलीत आणि त्यात इंटेल हे नाव सगळ्यांच्या ओळखीचं, घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर स्टिकर बघितलेलं असतंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की सप्लाय प्रॉब्लेम हे एक दुखणं नाही, त्या एका नावाखाली चार वेगळी दुखणी खपवली जातात आणि प्रत्येकाचा शेअरवर परिणाम वेगळा. ते न बघता बाजू घेणं म्हणजे नुसता नाद. मी स्वतः ज्या क्रमानं बघतो तो क्रम खाली देतोय. सेबीचा सल्लागार वगैरे मी नाही, घ्या की विका हे सांगणार नाही.

पायरी १: तुटवडा नेमका कुठं आहे ते धुंडा

ही पायरी सगळ्यात मोठी आहे, इथंच घाई करू नका.

चिप तयार होते कशी ते थोडक्यात: ३०० मिलिमीटरची सिलिकॉनची चकती म्हणजे वेफर, ती फॅबमध्ये, म्हणजे चिप बनवायच्या कारखान्यात, आत गेल्यापासून तयार चिप बाहेर पडायला साधारण तीन-चार महिने जातात, मग टेस्टिंग, मग सबस्ट्रेटवर, म्हणजे चिपखालच्या पाटीवर, बसवून पॅकेजिंग, आणि मग ती लॅपटॉप किंवा सर्व्हर बनवणाऱ्याकडं जाते. ह्यात कुठंही गाडी अडकली तरी बातमीत एकच हेडलाईन येते, चिपचा तुटवडा.

पहिला प्रकार, फॅबची जागाच कमी. २०१८ चं इंटेल आठवा. १० नॅनोमीटरचं नवं तंत्र (आकडा जेवढा लहान तेवढी चिपवरची नक्षी बारीक आणि तंत्र नवं) काही केल्या वेळेत जमेना, त्यामुळं जवळपास सगळे प्रोसेसर १४ नॅनोमीटरवरच अडकले, त्यात डेटा सेंटरवाल्यांची मागणी वाढली आणि जागा पुरेना. सप्टेंबर २०१८ मध्ये तेव्हाचे हंगामी सीईओ बॉब स्वान यांनी खुलं पत्र काढलं, त्यात सरळ सांगितलं की सर्व्हरचे झिऑन आणि वरच्या रेंजचे कोअर प्रोसेसर आधी बनवणार, म्हणजे स्वस्त लॅपटॉपवाल्यांनी थांबा, आणि त्या वर्षीचा भांडवली खर्च विक्रमी १५ अब्ज डॉलरवर नेला. तरी नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीला उशिराबद्दल परत ग्राहकांची माफी मागावी लागली. म्हणजे पैसा ओतला म्हणून फॅब लगेच वाढत नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरा प्रकार, यील्ड, म्हणजे बनवलेल्यातला चांगला माल किती निघतो ते. हे कोल्हापूरकरांना समजवायला लागू नये, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कास्टिंगचं रिजेक्शन वाढलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहे, लोखंड तेवढंच वितळवलं, लाईट बिल तेवढंच आलं, माणसांचा पगार तेवढाच, पण शंभरातले चांगले पीस कमी निघाले, म्हणजे डिस्पॅच पण कमी आणि प्रत्येक पीसची कॉस्ट पण जास्त. चिपचंही तेच. वेफरचा खर्च ठरलेला, त्यातनं चालणाऱ्या चिप किती निघतात त्यावर सगळा खेळ. म्हणून यील्डमुळं आलेला तुटवडा हा मागणीवाल्या तुटवड्यापेक्षा वाईट, तो एकाच वेळी विक्री आणि मार्जिन दोन्ही खातो.

तिसरा प्रकार पॅकेजिंगचा. चिप तयार असते पण ती बसवायला सबस्ट्रेट नसतो. २०२१ मध्ये हे झालं, एबीएफ नावाच्या फिल्मचे सबस्ट्रेट मिळेनात, आणि ती फिल्म बनवणारी मुख्य कंपनी कुठली तर जपानची आजिनोमोतो, तीच ती, खाण्यातल्या आजिनोमोटोवाली. एआय चिपच्या बाबतीत २०२३ पासून टीएसएमसीच्या (दुसऱ्यांच्या चिप बनवून देणारी तैवानची कंपनी) कोवॉस नावाच्या पॅकेजिंगची रांग हा असाच विषय होता.

चौथा प्रकार दुसऱ्याच्या मालाचा. प्रोसेसर आहे पण मेमरी नाही किंवा परवडत नाही, मग लॅपटॉपवाला लॅपटॉपच कमी बनवतो. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव चढले ते एआयवाल्यांनी मेमरी उचलल्यामुळं, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल नावानं ग्राहकांना रॅम विकायचा धंदाच बंद करायची घोषणा केली. ह्यात इंटेलचा किंवा प्रोसेसरमधली तिची स्पर्धक एएमडीचा दोष शून्य, पण विक्रीला फटका बसू शकतो.

आता ह्या चार खणांत २०२५-२६ चा वाद बसवून बघा. ऑक्टोबर २०२५ च्या निकालाला इंटेलचे सीएफओ, म्हणजे पैशाचा कारभार बघणारे, डेव्हिड झिन्सनर यांनी सांगितलं की तुटवडा आहे तो मुख्यतः इंटेल १० आणि इंटेल ७ ह्या जुन्या प्रोसेसवर (प्रोसेस म्हणजे चिप बनवायचं तंत्र), आणि २०२६ च्या पहिल्या तिमाहीत तो सगळ्यात जास्त जाणवेल. वादात मात्र लोक काय करतात, १८ए ह्या नव्या प्रोसेसचं यील्ड आणि जुन्या प्रोसेसचा तुटवडा एका पातेल्यात घालून ढवळतात. एक जण म्हणतो १८ए फेल म्हणून माल नाही, दुसरा म्हणतो माल संपतोय म्हणजे १८ए हिट. दोघंही चूक. जुन्या प्रोसेसवरचा तुटवडा हा पहिल्या खणातला, १८ए चं यील्ड दुसऱ्या खणातलं. दोन्हीची उत्तरं वेगळी शोधायची.

पायरी २: फॅब कुणाची?

इंटेल स्वतः डिझाईन करते आणि स्वतःच्या फॅबमध्ये बनवते. एएमडीनं २००९ मध्ये आपल्या फॅब वेगळ्या काढल्या, त्याच पुढं ग्लोबलफाउंड्रीज झाल्या, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजनं ७ नॅनोमीटरचा नाद सोडल्यावर एएमडीचा पुढचा सगळा भार तैवानच्या टीएसएमसीवर आला. एआय चिपवाल्या एनव्हिडियाला फॅब कधी नव्हतीच.

फरक काय पडतो? स्वतःची फॅब असली की मागणी पडल्यावर रिकाम्या मशीनचा घसारा डोक्यावर बसतो, पण मागणी वाढल्यावर कुणाच्या दारात उभं राहायला लागत नाही. फॅब नसली की उलट, मंदीत निवांत, तेजीत टीएसएमसीच्या रांगेत, आणि रांगेत पुढं कोण तर जो जास्त पैसे आधी देतो तो.

आणि इंटेल म्हणजे सगळं घरचं असंही आता राहिलं नाही. लुनार लेक ह्या लॅपटॉप चिपचा मुख्य भाग टीएसएमसीकडनं बनवून घेतलेला, शिवाय मेमरी त्याच पॅकेजवर बसवलेली. बॅटरीच्या बाबतीत चिपचं कौतुक झालं पण त्या मेमरीमुळं मार्जिन दबलं, असं पुन्हा करणार नाही हे तेव्हाचे सीईओ पॅट गेलसिंगर यांनीच २०२४ मध्ये सांगून टाकलं. चांगला प्रोसेसर आणि चांगला धंदा ह्या दोन गोष्टी एकच नाहीत, हे ह्या एका चिपवरनं कळतं.

पायरी ३: निकाल स्वतः वाचा, रात्री जागायची गरज नाही

अमेरिकेचं मार्केट आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ते रात्री दीड, हिवाळ्यात ८ ते अडीच. इंटेल, एएमडीचे निकाल मार्केट बंद झाल्यावर येतात, म्हणजे आपले रात्रीचे दीड-अडीच. कितीतरी जण डोळे चोळत जागतात आणि आफ्टर अवर्सचा, म्हणजे मार्केट बंद झाल्यानंतरच्या सौद्यांचा, हिरवा-लाल आकडा बघून पहाटेच ऑर्डर टाकून मोकळे होतात. कशाला? सकाळी उठा, मिसळ खा, मग कंपनीच्या इन्व्हेस्टर रिलेशन्सच्या पानावर जा, तिथं निकालाची प्रेस नोट, सीएफओचं निवेदन आणि निकालानंतर कंपनी विश्लेषकांशी बोलते त्या कॉलचा पूर्ण मजकूर फुकट मिळतो. नंतर १०-क्यू नावाचा तिमाही रिपोर्ट अमेरिकेच्या एसईसीकडं, म्हणजे तिकडच्या सेबीकडं, जातो, तोही सगळ्यांना उघडा आहे. यूट्यूबवरचा दहा मिनिटांचा व्हिडिओ हा ह्याचाच चोथा असतोय.

वाचताना झालेली विक्री शेवटी बघा, आधी पुढच्या तिमाहीचा अंदाज बघा, म्हणजे गायडन्स. जानेवारी २०२६ चा इंटेलचा निकाल काढून बघा, शिकण्यासारखा आहे. विक्री १३.७ अब्ज डॉलर, अंदाजापेक्षा बरी. पण पुढच्या तिमाहीचं गायडन्स ११.७ ते १२.७ अब्ज, आणि कारण काय तर द्यायला माल नाही, शिल्लक साठा आधीच्या सहामाहीत वापरून संपत आला, पहिल्या तिमाहीत सप्लाय तळाला असेल आणि दुसरीपासून सुधारेल. दुसऱ्या दिवशी शेअर १७ टक्क्यांच्या आसपास आपटला. मागणी होती, ती नाही असं कोणी म्हणालंच नाही. तरी आपटला, कारण आधीच्या काही महिन्यांत शेअर लई वर गेला होता आणि लोकांनी पुढच्या दोन वर्षांचं चांगलं आधीच भावात धरलं होतं.

गायडन्सनंतर ग्रॉस मार्जिन, म्हणजे माल बनवायचा खर्च जाऊन विक्रीतले किती टक्के उरले ते. २०१८ च्या तुटवड्याच्या वर्षी इंटेलचं ग्रॉस मार्जिन ६२ टक्क्यांच्या जवळ होतं, २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत ३८ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही वेळी हेडलाईन एकच, माल कमी पडतोय. पण पहिल्या वेळी कंपनी महागडा माल निवडून विकत होती आणि गल्ला भरत होता, दुसऱ्या वेळी नव्या फॅबचा खर्च अंगावर होता. जो म्हणतो तुटवडा म्हणजे भाव वाढणार आणि नफा वाढणार, त्याला हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवा.

मग इन्व्हेंटरी, म्हणजे शिल्लक माल, आणि भांडवली खर्च, हे दोन आकडे पटकन बघून घ्या. तुटवडा सांगणाऱ्या कंपनीकडं तयार मालाचा साठा वाढत असेल तर काहीतरी गडबड आहे, चुकीचा माल बनवलाय. आणि तुटवडा आहे पण भांडवली खर्च वाढवत नाहीत, तर विचारा का. जुन्या प्रोसेसच्या बाबतीत उत्तर सोपं असतं, जे तंत्र चार वर्षांत मोडीत निघणार त्याच्यासाठी नवी मशीन कोण घेईल?

पायरी ४: तुटवड्यातला विक्रम बघून फसू नका

२०१८, २०१९, २०२० ही तिन्ही वर्षं इंटेलच्या विक्रमी विक्रीची, जवळपास ७१, ७२ आणि ७८ अब्ज डॉलर. तुटवडा चांगला म्हणणारी पार्टी तेव्हा छाती काढून फिरत होती. २३ जुलै २०२० ला निकालाबरोबर कंपनीनं सांगितलं की ७ नॅनोमीटरचं यील्ड ठरलेल्यापेक्षा वर्षभर मागं आहे आणि त्यावरचे प्रोसेसर सहा महिने पुढं ढकललेत. दुसऱ्या दिवशी इंटेल १६ टक्के खाली, एएमडी तेवढाच वर. म्हणजे विक्री विक्रमी होती तेव्हाच आतून तंत्र मागं पडत चाललं होतं, आणि ते विक्रीच्या आकड्यात दिसतच नव्हतं.

दुसरी गोष्ट एएमडीची आणि ती मला जास्त आवडते कारण ती लोक विसरलेत. २०११ मध्ये लानो नावाचा प्रोसेसर आला, एकाच चिपवर बरं ग्राफिक्स, लॅपटॉपवाले मागत होते. पण जर्मनीत ड्रेसडेनच्या फॅबमध्ये ३२ नॅनोमीटरचं यील्ड बसेना, सप्टेंबर २०११ मध्ये कंपनीला विक्रीचा अंदाज खाली आणायला लागला. सगळे म्हणाले मागणी आहे, यील्ड सुधारलं की झालं. यील्ड सुधारलं, माल आला, आणि तोवर गिऱ्हाईकच निघून गेलेलं. २०१२ च्या तिसऱ्या तिमाहीत न खपलेल्या मालापोटी, मुख्यतः लानोपोटी, एएमडीला जवळपास १० कोटी डॉलर हिशेबातनं उडवायला लागले. पुढं शेअरहोल्डरांनी केस टाकली ती २.९५ कोटी डॉलर देऊन मिटवली. वर्षाच्या आत तुटवड्याचा ढीग झाला!

हे का होतं तर तुटवड्यात गिऱ्हाईक डबल ऑर्डर टाकतं, इकडं पण आणि तिकडं पण, जिकडनं आधी येईल ते घ्यायचं आणि दुसरी रद्द. म्हणून कॉलमध्ये ऑर्डरबुक भरलंय असं ऐकलं की लगेच हुरळू नका, त्यातल्या किती ऑर्डरी पैसे घेऊन पक्क्या केल्यात ते शोधा. प्रीपेमेंट, लाँग टर्म ॲग्रीमेंट असे शब्द कॉलच्या मजकुरात सर्च करा.

पायरी ५: नव्या प्रोसेसरच्या तारखा वेगवेगळ्या लिहा

नवा प्रोसेसर येतोय ह्याला काही अर्थ नाही. कधी दाखवला, पहिला माल कधी निघाला, दुकानात कधी मिळायला लागला, आणि कंपनीच्या विक्रीचा मोठा हिस्सा त्यातनं कधी यायला लागला, ह्या चार तारखा. वहीत चार रकाने आखा. इंटेलचा पँथर लेक घ्या, १८ए वरचा पहिला लॅपटॉप प्रोसेसर, ॲरिझोनातल्या चँडलरच्या फॅब ५२ मध्ये बनणारा. ऑक्टोबर २०२५ मध्ये दाखवला, वर्षअखेरीस पहिला माल पाठवायचं ठरवलं, जानेवारी २०२६ मध्ये कोअर अल्ट्रा सिरीज ३ म्हणून बाजारात आणला. तीन रकाने भरले. चौथा रकाना मात्र निकाल वाचून तुम्हालाच भरायचा आहे, आणि शेअरसाठी खरा तोच. यील्ड ठरल्याप्रमाणं आहे पण मला पाहिजे तेवढं अजून नाही, अशा अर्थाचं सीईओ लिप-बू टॅन जानेवारीत बोलले होते, म्हणजे चौथा रकाना भरायला वेळ लागणार हे त्यांनीच सांगून ठेवलंय.

इथं लोक एक शॉर्टकट मारतात, राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानात फोन लावायचा आणि अमका प्रोसेसर आहे का विचारायचं. वाईट नाही, विचारा. पण दुकानदार म्हणाला की स्टॉक नाही, पुण्याच्या डिस्ट्रिब्युटरकडनं आठ दिवसांनी येईल, तर त्याचा अर्थ कोल्हापूरला आठ दिवस लागतील एवढाच. जगातल्या सर्व्हरच्या ऑर्डरींचा अंदाज त्यावरनं बांधू नका. फक्त भाव विचारा आणि दर महिन्याला तोच मॉडेल नंबर विचारा, जुन्या पिढीचा प्रोसेसर नव्यापेक्षा जास्त तेजीत असेल तर तुटवडा जुन्या प्रोसेसवर आहे ह्या गोष्टीला तेवढाच एक बारका पुरावा.

पायरी ६: भावात काय धरलंय?

मार्च २०१७ मध्ये एएमडीचा रायझन आला. प्रोसेसर जबरदस्त, ह्यात वाद नव्हता आणि आजही नाही. २ मे २०१७ ला, पहिल्या निकालानंतर, शेअर एका दिवसात २४ टक्के पडला, कारण मार्जिनचा अंदाज लोकांच्या अपेक्षेइतका नव्हता. २०१५ मध्ये दोन डॉलरच्या खाली मिळणारा शेअर तोवर कितीतरी पट झाला होता. पुढच्या काही वर्षांत ज्यांनी ठेवला त्यांचं भलंच झालं, पण त्या मे महिन्यात वरच्या भावाला उधारीनं घेतलेल्यांची काय अवस्था झाली असेल विचार करा. प्रोसेसरवर बरोबर असून शेअरवर चूक होता येतं.

त्यामुळं आता एक पान घ्या आणि ज्या बाजूचे तुम्ही नाही तिचं म्हणणं आधी लिहा. तेजीवाले असाल तर मंदीवाल्याचं लिहा, त्याला वाचून दाखवलं तर तो हो असंच म्हणतो म्हणाला पाहिजे. त्यात थट्टा नको. आणि प्रत्येक मुद्द्यासमोर लिहा की कुठला आकडा आला तर हा मुद्दा खोटा ठरेल आणि कुठल्या तिमाहीत. ज्या मुद्द्याला असा आकडाच सापडत नाही, उदाहरणार्थ अमेरिकन सरकार इंटेलला बुडू देणार नाही, तो बाजूला ठेवा. सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये २०.४७ डॉलरनं जवळपास १० टक्के हिस्सा घेतला, सप्टेंबरमध्ये एनव्हिडियानं २३.२८ डॉलरनं ५ अब्ज गुंतवायचं जाहीर केलं, हे खरं. पण कंपनी न बुडणं आणि तुम्ही घेतलेल्या भावावर पैसे मिळणं ह्यात लई अंतर आहे.

पायरी ७: इकडची कागदपत्रं

पैसे बाहेर पाठवायचे ते रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतनं, आर्थिक वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत. वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापतात, तो बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरच्या उधारीवर, ट्रेडिंग करायला ह्या वाटेनं पैसे पाठवता येत नाहीत. बँकेचा डॉलरचा दर आणि फिक्स चार्ज आधी विचारा, पाच हजार रुपये पाठवताना त्यातलेच हजार चार्जात गेले तर शेअर पंचवीस टक्के वाढूनही तुम्ही जिथल्या तिथं.

अकाउंट उघडताना डब्ल्यू-८बेन, म्हणजे आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे सांगणारा, फॉर्म भरून घेतात, त्यामुळं डिव्हिडंडवर अमेरिकेत २५ टक्के कापतात (इंटेलनं २०२४ च्या शेवटच्या तिमाहीपासून डिव्हिडंड थांबवलाय, त्यामुळं तिथं सध्या तो प्रश्न नाही). नफ्यावरचा टॅक्स इकडं. २४ महिन्यांच्या वर ठेवला तर १२.५ टक्के, आत विकला तर तुमच्या स्लॅबप्रमाणं. बारा महिन्यांचा नियम आपल्या एनएसई-बीएसईच्या शेअरला आहे, ह्यांना नाही, इथं बरेच जण गंडतात. आणि तिकडं ६० हजार डॉलरच्या वर मालमत्ता ठेवली तर माणूस गेल्यावर अमेरिकेचा इस्टेट टॅक्स लागू शकतो, मोठी रक्कम टाकणाऱ्यांनी सीएशी आधीच बोलून घ्या.

रिटर्न भरताना साधा आयटीआर-१ चालत नाही, आणि शेड्यूल एफए ह्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात परदेशी शेअर दाखवायलाच लागतात, नफा झाला नसला तरी, एकच शेअर असला तरी. त्यातला हिशेब एप्रिल ते मार्च नाही, जानेवारी ते डिसेंबर असतो. फेब्रुवारीत घेऊन सप्टेंबरमध्ये विकून मोकळे झालात तरी त्या कॅलेंडर वर्षासाठी तो शेअर तिथं लिहावा लागतो, सोबत तुमच्या शेअरचं त्या वर्षातलं सगळ्यात जास्त मूल्य रुपयांत. म्हणून ब्रोकरकडनं जानेवारीतच वर्षाचं स्टेटमेंट उतरवून ठेवा, जुलैत सीएच्या ऑफिसात रांग लागल्यावर ते शोधत बसायला लागत नाही.